पाच मीटरच्या चौकटीतली पिकअप

राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीसाठी धरलेली जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत बिल्डर पार्किंगचे पांढरे पट्टे मारतो ते याच मापाने. टोयोटा हायलक्स या पिकअपची लांबी आहे ५.३२ मीटर. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस जवळपास तेवढीच. म्हणजे गाडी मागच्या भिंतीला टेकेपर्यंत नेली तरी दीड वीत नाक पट्ट्याबाहेर. घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या पोडियममध्ये शेजारच्याला गाडी काढताना ते नाक रोज दिसणार आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत त्यावर चर्चा होणार. यांत्रिक पार्किंग असेल तर प्रश्न आणखी सोपा होतो. तिथल्या पाटीवर लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. पाच मीटरहून लांब आणि दोन टनांच्या घरातली गाडी अनेक ठिकाणी त्या पाळण्यात बसतच नाही.

म्हणून पिकअप घ्यायचं मनात आलं की शोरूमच्या आधी टेप घेऊन खाली उतरावं. खांब ते खांब अंतर, रॅम्पचं वळण, वरून जाणारे फायर लाइनचे पाइप, सगळं मोजावं. माळशेज घाटात गाडी कशी चढते हा प्रश्न त्यानंतरचा. घाट महिन्यातून एकदा येतो, रॅम्प दिवसातून दोनदा.

‘छोटी पिकअप’ हा शब्दही जरा जपून वापरायला हवा. अमेरिकेत फोर्डने २०२१ मध्ये मॅव्हरिक आणली, तेव्हा तिकडे तिचं छोटी म्हणून कौतुक झालं. तिची लांबी ५.०७ मीटर, म्हणजे आपल्या पट्ट्याबाहेरच. खऱ्या अर्थाने छोटी म्हणावी अशी ब्राझीलची फियाट स्ट्राडा, साडेचार मीटरच्या आतली. २०२१ मध्ये ती त्या देशातली सर्वांत जास्त खपलेली गाडी ठरली होती. जपानची ‘केई’ वर्गातली पिकअप तर ३.४ मीटरच्या पुढे जाऊच शकत नाही, तिथला कायदाच तसा आहे. चार माणसं आरामात बसतील, मागे उघडा हौदा असेल आणि एकूण लांबी साडेचार मीटर, अशी गाडी आपल्याकडे कुणी विकत नाही. ठाणे-डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाची खरी अडचण ही आहे. बाकीची सगळी निवड या नसलेल्या गाडीच्या आजूबाजूने करावी लागते.

आपल्याकडे पिकअप आली ती कामासाठी. टाटांनी १९८८ मध्ये टाटामोबाइल बाजारात आणली. त्याच सांगाड्यावर पुढे सिएरा उभी राहिली हे आज किती जणांना आठवतं कोण जाणे. २००५ मध्ये टाटा एस आली आणि गल्लीबोळात ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाऊ लागली. जेमतेम ३.८ मीटर लांब, ४.३ मीटर त्रिज्येत वळणारी. डोंबिवलीच्या फडके रोडला ती जिथे एका दमात वळते, तिथे हायलक्सला मागेपुढे करत तीन वेळा स्टिअरिंग मारावं लागेल आणि तेवढ्यात मागे रिक्षांची रांग लागेल. मारुतीची सुपर कॅरीसुद्धा ३.८ मीटरचीच. पण या गाड्यांत माणसं बसणार दोन. आईवडील आणि मुलं कुठे बसवायची?

हौसेची पिकअप म्हणून कंपन्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे, टाटांची झेनॉन एक्सटी, दोन्ही आल्या आणि गेल्या. २०१६ मध्ये व्ही-क्रॉस आली आणि डोंगरात जाणाऱ्या मंडळींनी ती डोक्यावर घेतली. जानेवारी २०२२ मध्ये हायलक्स आली, फॉर्च्युनरचंच २.८ लिटरचं डिझेल इंजिन घेऊन. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ रोजी स्कॉर्पिओ-एनवर बेतलेली पिकअप दाखवली, पण ती केप टाउनमध्ये. दक्षिण आफ्रिकेत महिंद्राच्या पिकअपला गिऱ्हाईक आहे. कांदिवलीच्या कंपनीची गाडी बघायला केप टाउनच्या बातम्या वाचाव्या लागाव्यात, ही गंमतच.

आता रोजच्या वापराबद्दल. डोंबिवलीत ‘रोजचं ड्रायव्हिंग’ म्हणजे नेमकं काय? नोकरीला माणूस लोकलनेच जातो. गाडी जाते स्टेशनपर्यंत, क्लासला, भाजीला, फार तर शिळफाट्याला. तीन-चार किलोमीटरच्या अशा खेपा बीएस-६ डिझेल गाडीला मानवत नाहीत. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर अशा गाड्यांत असतो. तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी इंजिन नीट तापून गाडी काही वेळ एका वेगात चालावी लागते. सतत थांबत-सरकत चालवलं की फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपची वारी सुरू होते. मेकॅनिक सांगतात, आठवड्यातून एकदा नाशिक हायवेला नेऊन आणा. रविवारी सकाळी खडवली-शहापूरकडे जाणाऱ्याला ही शिक्षा वाटणार नाही, पण ज्याची गाडी आठवडाभर टिळक चौक ते स्टेशन एवढीच फिरते, त्याने डिझेल पिकअपचा नाद सोडलेला बरा.

दुसरी गोष्ट पाट्यांची. पिकअपच्या मागच्या चाकांवर सहसा कॉइल स्प्रिंग नसतात, पोलादी पाटे असतात, वजन पेलण्यासाठी. हौदा रिकामा असला की ते पाटे ताठ राहतात आणि कल्याण-शीळ रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मागच्या सीटवरच्या माणसाच्या कमरेत जाऊन बसतो. शिवाय डबल कॅबच्या, म्हणजे सीटच्या दोन रांगा असलेल्या पिकअपच्या, मागच्या सीटची पाठ बरीच सरळ असते, कारण तिच्यामागे लगेच पत्रा असतो. सासूबाईंना नऊवारीत किंवा गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आजोबांना त्या उंचीवर चढवून बघा. शोरूममध्ये आपण स्वतः चढतो, ऐटीत स्टिअरिंग धरतो आणि मागे कुणाला बसवतच नाही. चाचणीला घरातलं सर्वांत वयस्कर माणूस घेऊन जावं. सेल्समन थोडा हिरमुसेल, पण निर्णय दहा मिनिटांत होईल.

पावसात रिकाम्या हौद्याचा आणखी एक धोका असतो. वजन सगळं पुढे, ओढ मागच्या चाकांना. ओल्या घाटात, वळणावर एक्सलरेटर जोरात दाबला की मागची बाजू घसरू पाहते. जुने ड्रायव्हर पावसाळ्यात हौद्यात वाळूची दोन पोती टाकून ठेवतात, त्यात शहाणपण आहे. फोर बाय फोर असेल तर कच्च्या चिखलात उपयोग होतो, पण डांबरी घाटात खरी मदत चांगल्या टायरांची आणि सावध पायाची.

हौद्याकडे येऊ, कारण पिकअप घ्यायची ती त्याच्यासाठी. डबल कॅबचा हौदा साधारण दीड मीटर लांब असतो. सायकल पावणेदोन मीटरची. म्हणजे पुढचं चाक काढून आडवी ठेवा, नाहीतर फाळक्यावर जाड गादी घालून पुढचं चाक बाहेर लटकवा. दुसरी पद्धत चांगली, चार-पाच सायकली एका ओळीत बसतात आणि पाचही जण सकाळी बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्याला उतरून मोकळे होतात. चिखलाने माखलेले बूट, ओले तंबू, दोर, कोळशाची शेगडी, हे सगळं गाडीच्या आतल्या कापडी सीटवर ठेवायचं म्हणजे आठवडाभर कुबट वास. हौद्यात टाकलं की घरी आल्यावर पाइपने धुऊन टाकायचं. पिकअपचा हा एक फायदा दुसऱ्या कुठल्याच गाडीत नाही. कयाक मात्र तीन मीटरच्या वरची असते, ती मागे लोंबणार. मोटर वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीच्या मर्यादेपलीकडे गाडीबाहेर आलेल्या मालाला वीस हजारांचा दंड आहे. लाल फडकं बांधून सुटका होईल या भरवशावर राहू नये. आणि हौद्यात माणसं बसवू नयेत. गावच्या जत्रेला आपण टेम्पोत उभं राहून गेलो होतो हे खरं, पण माल वाहण्याच्या जागेत बसलेल्याला विमा कंपनी ओळख दाखवत नाही.

पिकअपचा अघोषित उपयोग वेगळाच असतो. गाडी आली की अख्खी सोसायटी तुमच्या नात्यात येते. गणपतीची मूर्ती आणायला, कुणाचं कपाट हलवायला, शहापूर-मुरबाडच्या गावाहून तांदळाची पोती आणायला, मे महिन्यात कोकणातून आंब्याच्या पेट्या आणि फणस. नाही म्हणायला जमत नसेल तर घेऊ नका.

इथेच पाटीचा प्रश्न येतो. पांढरी की पिवळी? हायलक्स, व्ही-क्रॉस घेणारे ती सहसा खासगी म्हणून पांढऱ्या नंबरप्लेटवर घेतात. बोलेरो कॅम्परसारख्या कामाच्या पिकअप बहुतेक पिवळ्या पाटीवर जातात. फरक फक्त रंगाचा नाही. पिवळ्या पाटीची गाडी पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर मालवाहू परमिटची गरज नाही, ही त्यातल्या त्यात सूट. खासगी डिझेल गाडीला राज्यात किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के एकरकमी कर, हलक्या मालवाहूला २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने ठरवलेला ७ टक्के. राष्ट्रीय महामार्गावरचा, २०२५ मध्ये तीन हजार रुपयांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास फक्त खासगी मोटार-जीप-व्हॅनलाच मिळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि पिकअपच्या किमती बऱ्याच खाली आल्या, त्यामुळे जुन्या कोटेशनवर हिशेब करू नका. लायसन्सची काळजी मात्र नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनाला साधं एलएमव्ही लायसन्स पुरतं हे पुन्हा स्पष्ट केलं. पांढऱ्या पाटीवर भाड्याने माल वाहिलात तर विम्याचा दावा अडकतो, एवढं ध्यानात ठेवा. कुठली गाडी कुठल्या पाटीवर नोंदेल ते ठाण्याच्या एमएच ०४ किंवा कल्याणच्या एमएच ०५ कार्यालयात पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं. शोरूमच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

नटवण्याबद्दलही दोन शब्द. पुढे पोलादी गार्ड लावण्यावर २०१७ पासून बंदी आहे आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. हौद्यावरचं ताडपत्रीसारखं आच्छादन वेगळं, ते ठाणे जिल्ह्याच्या पावसात घ्यायलाच हवं. छपरावर तंबू बसवणाऱ्यांनी आधी आरटीओत विचारावं.

आणि जायचं कुठे? कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज साधारण ८५ किलोमीटर, वाटेत वैशाखरेला नाणेघाटाची पायवाट. गोरखगड, सिद्धगड, आसनगावचा माहुली. या सगळ्यांच्या पायथ्यापर्यंत आता साधी हॅचबॅकही जाते. भंडारदऱ्याकडे रतनगड-साम्रदचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे रस्ता सोडून गवतात, ओढ्यात गाडी घालणं हा गुन्हा आहे आणि मे-जूनमध्ये काजव्यांच्या झाडाखाली हेडलाइट लावून उभं राहणं त्याहून वाईट. येऊर तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. थोडक्यात, आपल्या भागातल्या रानाला फोर बाय फोरची भूक जितकी वाटते तितकी नाही.

मला विचाराल तर असा कौल. महिन्यातून एकदा ट्रेक आणि बाकी दिवस स्टेशन, अशा घराने चार मीटरची उंच पेट्रोल किंवा सीएनजी गाडी घ्यावी, वर कॅरिअर आणि मागे सायकलचा रॅक, काम भागतं. ज्याचा छोटा धंदा आहे, गावाकडे शेत आहे आणि रविवारी डोंगर आहे, त्याने बोलेरो कॅम्पर बघावी. पाच जण बसतात, एक टन माल नेते आणि लांबी साधारण ४.८५ मीटर, म्हणजे पट्ट्याच्या आत. तिच्याकडून ऐषारामाची अपेक्षा करू नये. स्वतःचा बंगला किंवा मोकळं अंगण असलेल्या, लांबचे प्रवास करणाऱ्यानेच व्ही-क्रॉस किंवा हायलक्सकडे जावं, आणि त्यातही जुनी व्ही-क्रॉस मिळाली तर आधी तीच.

जुनी घेताना गाडीखाली आडवं व्हा. हौद्याच्या खालचा सांगाडा खाडीच्या हवेने गंजला आहे का, पाटे बदललेत का, एखादा जास्तीचा पाटा घुसवलाय का ते बघा. जास्तीचा पाटा असेल तर गाडीने खासगी पाटीवर विटा-रेती वाहिली असण्याची शक्यता मोठी. हौद्याच्या तळाचा पत्रा आतून ठोकून समतल केलेला दिसला तरी तेच. आणि आरसीवरची इंधन, वजन, पाटीची नोंद गाडीशी ताडून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.