वास येत नाही, म्हणजे चांगलं?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आज अन्नातल्या जंतूंवर का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. पण प्रश्न ज्ञानाचाच आहे. आजी पातेल्याचं झाकण काढते, वास घेते आणि म्हणते, ‘चांगलं आहे, टाकू नका.’ तिचं प्रमाण प्रत्यक्ष. मात्र आजार देणारे बरेच जंतू अन्नाचा वास, रंग, चव बदलतच नाहीत. तिथे धुरावरून अग्नी ओळखणारं अनुमान लागतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या कोष्टवाडीत महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार लोक आजारी पडले. नासकं आहे असं जाणून कुणी घास घेतला असेल का?

म्हणून आम्ही म्हणतो, नांदेड-लातूरच्या उन्हाळी शिबिरांत चित्रकलेबरोबर हाही विषय हवा. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू वाढतात. अनेक रोगजंतूंना ३७ च्या आसपास फार मानवतं. म्हणजे मे महिन्यात आपलं स्वयंपाकघर हीच उबवणपेटी, आणि लग्नाच्या पंगतीही तेव्हाच! एक जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट झाला तर सात तासांत २० लाखांवर जातो. एकवीस वेळा दुप्पट करायचं. मुलांना फळ्यावर करू द्या.

मग प्रयोग. एका बाटलीत नुकतंच उकळून निववलेलं दूध, दुसरीत सकाळपासून न तापवता ठेवलेलं. दोन्हींत मिथिलीन ब्लूचे सारखे थेंब टाका, बूच लावा, कोमट पाण्यात ठेवा. जंतू प्राणवायू वापरतात आणि निळा रंग उडतो. जंतू जास्त, तर रंग लवकर जातो. जंतू दिसला नाही, पण कळला ना? तो कोणता, हे मात्र यातून कळत नाही, हेही सांगा. दूध नंतर ओतून द्या.

‘परत गरम केलं की झालं ना, सर?’ हा प्रश्न येणारच. नाही. बॅसिलस सिरियसचे बीजाणू भात शिजतानाही तगतात. भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष पुन्हा तापवून जात नाही. भात गरम असतानाच खावा, नाहीतर दोन तासांच्या आत पसरून निववून फ्रिजमध्ये ठेवावा.

आता लातूर. एप्रिल २०१६ मध्ये इथे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. इथल्या मुलांना ‘नळ सोडून हात धुवा’ कसं सांगणार? तांब्या घ्या. एकानं थोडं ओतायचं, दुसऱ्यानं साबण लावून २० सेकंद चोळायचं, मग पुन्हा ओतायचं. चोळताना पाणी लागत नाही.

शेवटचा धडा घरी. ‘आजी, तुला कळत नाही,’ असं मुलानं म्हणू नये. तिनं १९७२ चा दुष्काळ पाहिलाय; अन्न टाकणं तिला पाप वाटतं, आणि ते रास्तच आहे. मुलानं एवढंच म्हणावं, ‘आजी, उद्यापासून भात थोडा कमी टाकूया का?’