शेततळ्याचे अस्तर: निवड आणि निगा

पाणी साठवावयाचे तर प्रथम त्यास जिरू न देणारी भूमी हवी. छत्तीसगढातील शेतकऱ्याने जमिनींना दिलेल्या नावांतच हे ज्ञान साठलेले आहे. कन्हार म्हणजे काळी, चिकण माती. भाटा म्हणजे मुरमाड, पाणी न धरणारी जमीन. रायपुरात तात्यापाऱ्यापासून फार दूर नसलेला बूढा तालाब हा जुना मातीचा तलाव होय. अशा तलावांच्या तळाशी बसणारा बारीक गाळ मातीतील छिद्रे बुजवितो व अस्तराचे काम करतो.

परंतु मुरमात खणलेल्या नव्या तळ्यास गाळ साचेपर्यंत थांबता येत नाही. महाराष्ट्रात 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना निघाली. ज्या तळ्यांत पाणी टिकेना, तेथे प्लॅस्टिकचे अस्तर घालावे लागते. शेतकरी त्यास ‘कागद’ म्हणतात.

30 मीटर लांब, तितकेच रुंद, 3 मीटर खोल आणि एकास एक उताराचे तळे घेऊ. त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. भरलेल्या तळ्यातून दररोज एक सेंटिमीटर पाणी झिरपले, तरी 9,000 लिटर पाणी नाहीसे होते. अस्तर ही हानी थांबविते; बाष्पीभवन मात्र थांबवीत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाण्याचा भार अस्तर पेलीत नाही. तीन मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर तीन टन भार असतो. तो पेलते ती खालची जमीन. जमिनीवर उभारलेल्या पोहण्याच्या हौदात हेच काम धातूची भिंत करते. म्हणून अस्तराखाली अणकुचीदार दगड, मुळी अथवा पोकळी राहिल्यास तेथे ते ताणले जाऊन फाटते. खडे वेचून, तळ चोपून, वर मऊ मातीचा थर देणे, हे कागदाच्या किमतीइतकेच महत्त्वाचे होय.

आता पदार्थाचा विचार. हौदांत बहुधा पीव्हीसीचे अस्तर वापरतात. ते लवचीक असते, कारण त्यात मृदुता आणणारे द्रव्य मिसळलेले असते. उन्हाने व काळाने ते द्रव्य निघून जाते आणि अस्तर कडक होऊन तडकते. पॉलिएथिलीन अंगचेच चिवट असल्याने त्यास अशा द्रव्याची गरज नसते. मात्र त्याची जाड चादर ताठ असते व कोपऱ्यांत नीट बसत नाही. त्याच्या पट्ट्या विणून दोन्ही बाजूंस लेप दिलेल्या कापडात फाट सहसा पसरत नाही. अशा कापडासाठी आयएस 15351 हे भारतीय मानक आहे.

अस्तर काळे असते ते शोभेसाठी नव्हे. त्यातील काजळी सूर्याचे अतिनील किरण शोषून घेते आणि पॉलिएथिलीनच्या लांब रेणुसाखळ्या तुटू देत नाही.

शेततळ्यास 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडी प्रचलित आहे. अखंड पॉलिएथिलीन असल्यास एक चौरस मीटर तुकडा तोलून पाहावा. वजन सुमारे 475 ग्रॅम भरले पाहिजे. ते बरेच कमी भरल्यास कागद पातळ आहे असे समजावे. वर घेतलेल्या तळ्यास, काठावरील चरात पुरावयाचा भाग धरून, सुमारे 1,190 चौरस मीटर कागद लागेल. तो तळ्याच्या पृष्ठापेक्षा अधिक का, हे उतारांची तिरकी लांबी मोजली म्हणजे कळते. जोड उष्णतेने सांधलेले असावेत व पाणी भरण्यापूर्वी हाताने ओढून तपासावेत.

सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत आधी करावयाची गोष्ट. ओल्या प्लॅस्टिकच्या उतारावर पाय ठरत नाही. आत पडलेला मनुष्य, मग तो पोहणारा असो, काठ हाताशी असूनही वर येऊ शकत नाही. अशा तळ्यांत मुले व शेतकरी बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून भोवती कुंपण असावे आणि चारही बाजूंस, काठावरील खुंटास पक्के बांधलेले गाठींचे दोर तळापर्यंत सोडलेले असावेत. कागदाच्या खर्चापुढे दोराचा खर्च नगण्य आहे. ही तजवीज झाल्याखेरीज तळ्यात पाणी सोडू नये.