पाट बांधण्याआधी माती बघा

बोरच्या टेकड्यांखालच्या आपल्या गावांत पावसाळा सरला की एक विषय निघतोच. टेकडीवरून येणारा पाट फुटला, आता परत बांधायचा कसा? मागच्या खेपेला आमच्या हिंगणीच्या गटानं श्रमदान केलं, बचतीतून सिमेंट आणलं, आणि जोराचा पाऊस आला तसा पाट त्याच जागी फुटला. सिमेंट चांगलं होतं. त्याच्याखाली काय आहे, ते मात्र आम्ही बघितलंच नव्हतं.

आपल्याकडे वर काळा दगड, उतारावर मुरूम आणि पायथ्याला काळी माती. पाट या तिन्हींतून जातो आणि बहुतेक वेळा फुटतो तो जिथं मुरूम संपून काळी माती लागते तिथं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कापसाच्या वावरात पडणाऱ्या भेगा आपण दरवर्षी बघतो. तीच माती सिमेंटच्या खाली असली तर ती सिमेंटला उचलते, मग सोडून देते. आधी बारीक चीर पडते, चिरेतून पाणी आत जातं, आतली माती वाहून जाते आणि वरून सगळं धड दिसत असताना तळ पोकळ होतो.

म्हणून आधी खड्डे. फुटलेल्या जागी एक, थोडा वर एक, थोडा खाली एक. पाटाच्या तळापासून आणखी हातभर खोल जा, कारण वरची माती वाहून आलेली असते, ती फसवते. तीन खड्ड्यांची माती वेगवेगळी ठेवा. ती ओली करून तीन जुन्या वाट्यांत काठोकाठ दाबून भरा आणि वाळू द्या. जी वाटीच्या काठापासून सुटली, जिला भेगा पडल्या, ती फुगणारी माती. ही परीक्षा आमच्या गटातल्या म्हाताऱ्या आजींनाही एका दिवसात जमली.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्या, त्यात वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. ढेकूळ विरघळून खाली बसलं तर फार काळजी नाही. पण त्याच्याभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला आणि तसाच राहिला तर ती चोपण जातीची माती. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात अशी माती आहे. तिच्यात पाणी आतल्या आत बिळं पाडतं. बिळावरून आठवलं, पाटाच्या बांधात खेकड्यांची आणि उंदरांची बिळं आहेत का तेही बघून घ्या.

काळी माती निघाली म्हणून पाट सोडून द्यायचा नाही. मोठ्या कालव्यांनाही हाच त्रास होता. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी त्यावर काम केलं. काळी माती आणि वरचं अस्तर यांच्यामध्ये चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर दाबून घालायचा, ही ती रीत. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ती वापरली गेली. आपल्याकडे त्यासाठी मातकट मुरूम शोधावा. नुसते खडेच असलेला मुरूम नको, त्यातून पाणी पाझरतं. ओला करून मुठीत दाबला तर गोळा टिकला पाहिजे आणि वाटीत वाळल्यावर भेग पडता कामा नये. थर एकदम ओतू नका. थोडा टाका, पाणी शिंपडा, धुमसानं ठोका, मग पुढचा. थर किती जाड हवा ते अभियंत्याला विचारा, पण विचारायला जाताना तिन्ही वाट्या सोबत न्या.

उतारावर झाडं खाली कललेली दिसली किंवा जमिनीला आडवी भेग दिसली, तर तिथं कुदळच लावू नका. आणि वरचा भाग जंगलाचा असेल तर आधी वन विभागाची परवानगी घ्या. बोर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, परीक्षेचा खड्डासुद्धा न विचारता खणायचा नाही.

आमच्या वाट्या सध्या समाजमंदिराच्या ओट्यावर वाळताहेत. मधल्या खड्ड्याची माती काठापासून सुटली आहे.