माशांना सोबत कोणाची?

काचेच्या टाकीत गप्पी, मॉली आणि झेब्रा मासे सुखाने फिरू लागले, की महिन्याभरात वर्गातून सूचना येऊ लागतात. कोणाला त्यात छोटे कासव हवे असते, कोणी ओढ्यातला खेकडा आणायला तयार असतो, तर कोणाच्या काकांच्या दुकानात निळा ‘लॉबस्टर’ आलेला असतो. ही उत्सुकता चांगलीच आहे. मासा हा पृष्ठवंशी प्राणी. पाण्यातील इतर दुनिया किती निराळी आहे, हे एकटा मासा दाखवू शकत नाही. मात्र सोबती कोणता निवडायचा, हे त्याच्या रूपावरून ठरवले तर बहुधा दोघांपैकी एकाचा बळी जातो.

आधी एका गैरसमजाचा समाचार घेऊ. गोगलगाय, कोळंबी किंवा काचेला चिकटणारा ‘सकर’ मासा विकताना दुकानदार हमखास सांगतो, की हा टाकी साफ ठेवतो. हे प्राणी शेवाळ खातात, उरलेले अन्न खातात, हे खरे. पण खाल्लेले नाहीसे होत नाही. त्यातले काही शरीर वाढवते आणि उरलेले विष्ठेच्या व अमोनियाच्या रूपात पाण्यातच परत येते. अमोनिया माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. पाणी जितके अल्कधर्मी आणि जितके गरम, तितका त्याचा विषारीपणा अधिक. टाकीची खरी सफाई करतात ते वाळूत आणि गाळणीत वस्ती करणारे जीवाणू. त्यातले एक प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेटचा काही भाग वनस्पती घेतात. या जीवाणूंची वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून नवा सोबती म्हणजे फुकटचा सफाई कामगार नव्हे, तर आणखी एक खाणारे तोंड, असा हिशेब धरावा आणि टाकी निदान दीड महिना चालल्याशिवाय त्याला आत घेऊ नये.

मग घ्यायचा तरी कशासाठी? निरीक्षणासाठी. या दृष्टीने गोगलगाईला तोड नाही.

आपल्या तळ्यांत, भातखाचरांत आणि गटारांतसुद्धा गोड्या पाण्यातील गोगलगाई मिळतात. एक टोकदार शंखाची गोगलगाय घ्या. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे असे धरा. तोंड उजव्या हाताला आले तर ती बहुधा लिम्निया असते, डाव्या हाताला आले तर फायसा. फायसाचे मूळ घर उत्तर अमेरिकेत आहे. गंमत अशी, की १८०५ साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले ते फ्रान्समधल्या नदीत सापडलेल्या नमुन्यांवरून, म्हणजे तोपर्यंत ती समुद्र ओलांडून तिथे पोचली होती. आज ती जगभर पसरली आहे आणि त्यात मत्स्यालयांसाठी विकल्या जाणाऱ्या पाणवनस्पतींचा मोठा हात आहे. आपल्या टाकीत ‘आपोआप’ आलेली गोगलगाय पुष्कळदा हीच असते. तिसरी, चपट्या चकलीसारख्या शंखाची, म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस. हिच्या गटातील गोगलगाईंच्या रक्तात आपल्यासारखेच लोहयुक्त हिमोग्लोबिन असते. बहुतेक गोगलगाईंच्या रक्तात त्या जागी तांबेयुक्त हिमोसायनिन असते.

या तिघींना कल्ले नाहीत, फुप्फुसासारखी पिशवी आहे. त्यामुळे त्या अधूनमधून पृष्ठभागाशी येऊन हवा भरून घेतात. याउलट लांबट, मनोऱ्यासारख्या शंखाची मेलॅनॉइडिस कल्ल्यांनी श्वास घेते. ही दिवसा वाळूत दडून बसते आणि रात्री बाहेर पडते. नराशिवाय पिल्ले देण्याची सोय असल्याने एकीच्या कधी शंभर होतात ते कळत नाही. पण हिचा एक उपयोग आहे. भर दिवसा या गोगलगाई वाळू सोडून काचेवरून वर चढू लागल्या, तर तळाशी काहीतरी बिघडले आहे, बहुधा ऑक्सिजन कमी पडला आहे, असे समजावे. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. मे महिन्यात बंद शाळेतली टाकी का संकटात सापडते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकलेल्यांना पायला ही मोठी गोगलगाय आठवत असेल. तिच्याजवळ कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असतात. पाण्यात राहून नळीसारखा अवयव पृष्ठभागाबाहेर काढून ती हवा ओढते, तो देखावा वर्गाने तासभर पाहावा असा असतो. तळे आटले की शंखाचे चुनखडीचे जाड झाकण लावून चिखलात उन्हाळा काढते. मात्र ही रात्रीत व्हॅलिस्नेरियाची रोपे फस्त करते आणि अंडी घालायला पाण्याबाहेर ओल्या मातीत जाते. तेव्हा झाकण नसलेल्या टाकीत पायला ठेवली, तर सकाळी ती प्रयोगशाळेच्या फरशीवर सापडणार.

गोगलगाईचा शंख कॅल्शियम कार्बोनेटचा. पाणी साबणाला भरपूर फेस देणारे, म्हणजे सुफेन असेल, तर त्यात कॅल्शियम कमी असते आणि शंखाच्या टोकाशी पांढरे चट्टे पडून तो झिजू लागतो. सह्याद्रीतल्या धरणांच्या पाण्यावर चालणाऱ्या शहरांत हा अनुभव येतो, तर विंधनविहिरीच्या दुष्फेन पाण्यात शंख कसे घट्ट, गुळगुळीत राहतात. उपाय सोपा आहे. अंड्याची धुतलेली टरफले किंवा समुद्रफेसाचा तुकडा टाकीत ठेवावा.

आता धोक्याची बाजू. गुरांच्या यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीचे बालपण लिम्नियाच्या शरीरात जाते. इंडोप्लॅनॉर्बिसमध्ये गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणारे शिस्टोसोमा कृमी वाढतात. त्यांच्या सर्केरिया नावाच्या सूक्ष्म अळ्या पाण्यात सुटतात आणि माणसाच्या त्वचेत शिरल्या तर तीव्र खाज व पुरळ उठते. माणसाच्या शरीरात त्यांची पुढे वाढ होत नाही, पण माणसात वाढणारा भाऊबंदही आपल्याकडे सापडला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लघवीतून रक्त जाण्याच्या विकारामागे शिस्टोसोमा असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली दाखवून दिले. त्यात फेरिसिया या टिकलीएवढ्या गोगलगाईचा संबंध असल्याचे पुढे आढळले.

म्हणून गुरे उतरतात त्या तळ्यातली गोगलगाय थेट टाकीत टाकू नये आणि विद्यार्थ्यांनी तिथे हात घालू नयेत. एकेक गोगलगाय स्वतंत्र काचेच्या बाटलीत, क्लोरीन नसलेल्या पाण्यात, सकाळच्या उजेडात दोन-तीन तास ठेवावी. मागे काळा कागद धरून भिंगातून पाहिले, तर वळवळणारे शेपटीवाले पांढुरके ठिपके म्हणजे सर्केरिया. शेपटीला पुढे दोन फाटे असतील तर तो शिस्टोसोमाच्या गटातील असण्याची शक्यता अधिक. अशा बाटलीत उकळते पाणी ओतावे. पण या परीक्षेला मर्यादा आहे. संसर्ग कच्चा असेल, तर आज काहीच दिसणार नाही आणि तीन आठवड्यांनी दिसेल.

याहून चांगला मार्ग म्हणजे गोगलगाय न आणता तिची अंडी आणणे. लिम्निया पानांच्या खालच्या बाजूस पारदर्शक, जेलीसारखी अंड्यांची पट्टी चिकटवते. कृमी गोगलगाईत शिरतो तो गुरांच्या शेणातून पाण्यात आलेल्या अळीच्या रूपाने. आईकडून अंड्यात तो उतरत नाही. म्हणून हातमोजा घालून तेवढे पान तोडावे, नळाच्या रात्रभर ठेवलेल्या पाण्यात तीन-चार वेळा खळबळून धुवावे आणि वेगळ्या बाटलीत ठेवावे. ते पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलावे, कारण सर्केरिया अन्नावाचून एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाहीत. सुमारे दहा-पंधरा दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. तोपर्यंत साध्या सूक्ष्मदर्शीखाली अंड्यात गरगर फिरणारा गर्भ, त्याचे डोळ्यांचे दोन काळे ठिपके, पुढे धडधडणारे हृदय, हे सारे जिवंत दिसते. पाठ्यपुस्तकातील कोणतीही आकृती याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा चांगला सोबती म्हणजे बोटाच्या पेराएवढी गोड्या पाण्यातली कोळंबी. ती लहान, शांत माशांबरोबरच ठेवावी. एंजल माशाच्या दृष्टीने ती सोबती नसून न्याहारी आहे. कोळंबी वाढताना कात टाकते. काचेसारखे रिकामे कवच तळाशी पाहून मुले ‘मेली’ म्हणून हळहळतात, आणि कोळंबी मात्र झाडाच्या मुळाशी लपलेली असते. नवे कवच घट्ट होईपर्यंत ती अगदी असहाय असते, म्हणून दाट वनस्पती, फुटक्या मडक्याचे तुकडे अशी आडोशाची जागा हवीच. टाकलेली कात काढू नये. कोळंबी ती खाते आणि त्यातील काही क्षार परत मिळवते.

इथे एक खास सावधगिरी. माशांच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर पुष्कळ जण मोरचूद वापरतात. मासा सहन करील तेवढ्या मात्रेत कोळंबी आणि गोगलगाय मरतात. कोळंबीच्या रक्तातच तांबे असते, मग तांब्याने ती मरावी कशी, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतो. रक्तातले तांबे प्रथिनात बांधलेले असते. पाण्यातील मोकळे तांबे कल्ल्यांवर मारा करते आणि शरीरातील क्षारांचा तोल बिघडवते.

शेवाळ खाणारी म्हणून जपानी मत्स्यालयकार ताकाशी अमानो यांनी प्रसिद्धीस आणलेली कोळंबी टाकीत वर्षानुवर्षे जगते, अंडी धरते, पण पिल्ले कधी वाढत नाहीत. कारण तिच्या अळ्यांना खारट पाणी लागते. आपल्याकडच्या मोठ्या गोड्या पाण्यातील कोळंबीचेही तसेच. मलेशियात शाओ-वेन लिंग यांना १९६१ मध्ये या अळ्या मचूळ पाण्यातच जगतात असे आढळले, आणि त्यातूनच तिची जगभरची शेती उभी राहिली. ही मोठी कोळंबी फूटभर वाढते. तिचे पिल्लू ‘छोटी कोळंबी’ म्हणून टाकीत आले, तर काही महिन्यांनी मासे मोजून पाहावेत.

शिंपल्याबद्दल मात्र नाही म्हणावे लागते. तो पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शैवाल खातो. आपण ज्याला स्वच्छ पाणी म्हणतो, ते त्याच्यासाठी रिकामे ताट. काही महिन्यांत तो उपासमारीने वाळूतच मरतो आणि कुजून एका रात्रीत पाणी नासवतो. वास्तविक माशाशी त्याचे नाते फार जवळचे आहे. त्याच्या अळ्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ परजीवी म्हणून राहतात आणि माशाबरोबर प्रवास करून दूर वस्ती करतात. पण हे नाते तळ्यातच शोभते. खेकडा मासे पकडतो आणि त्याला कोरडी जागा लागते; त्याला ओढ्यातच पाहावे. चतुराची अळी आणि पाठीवर अंडी वागवणारा नर पाणकिडा हे दोघे शिकारी आहेत, पण एकेकट्या बाटलीत आठवडाभर ठेवून पाहण्यासारखे. अळीचा झटक्यात पुढे येणारा खालचा ओठ एकदा पाहिलेला विद्यार्थी तो विसरत नाही.

कासवाची गोष्ट वेगळ्याच कारणाने गंभीर आहे. आपल्याकडची गोड्या पाण्यातील कासवे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. ती शाळेत ठेवणे गुन्हा ठरू शकतो. दुकानात मिळते ते रुपयाएवढे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासव मिसिसिपी खोऱ्यातले. ते ताटाएवढे वाढते आणि तीस वर्षे जगू शकते. त्याच्या अंगावरून साल्मोनेला जीवाणू मुलांना बाधतात, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. मोठे झालेले कासव नकोसे होते, मग कोणीतरी ‘दया’ म्हणून त्याला तळ्यात सोडतो. तिथे ते स्थानिक कासवांच्या अन्नावर आणि ऊन खाण्याच्या जागांवर हक्क सांगते.

अशा एका सोडलेल्या जीवाने काय होऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण संगमरवरी क्रेफिशचे आहे. झिंग्यासारखा, मोठ्या नांग्यांचा हा प्राणी १९९० च्या दशकात जर्मनीतील मत्स्यालयांच्या व्यापारात दिसू लागला. सगळ्याच माद्या. नर नाही आणि नराची गरजही नाही. प्रत्येक मादी स्वतःच्या प्रती काढते. फ्लोरिडातील एका क्रेफिशपासून तो उद्भवला असे पुढे सिद्ध झाले. पिल्ले इतकी होत, की लोकांनी ती वाटली आणि उरलेली पाण्यात सोडली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात जर्मनीपासून मादागास्करपर्यंतचे हे प्राणी जवळजवळ एकसारखे, एकाच मूळ मादीची वंशावळ असल्याचे दिसले. मादागास्करमध्ये तो भातशेतीत पसरला आहे. भारतात कोणताही क्रेफिश मूळचा नाही, आणि आपल्या दुकानांत ‘लॉबस्टर’ म्हणून येतात ते क्रेफिशच. एकच आणला म्हणून निर्धास्त राहण्याची सोयही या प्राण्याने ठेवलेली नाही.

यातून रोजच्या कामाचे काही नियम निघतात. दुकानातून आलेला कोणताही प्राणी, आणि त्याच्यासोबत राहिलेला तळ्यातला प्राणीसुद्धा, पुन्हा तळ्यात सोडायचा नाही. जास्त झालेले प्राणी दुसऱ्या शाळेला द्यावेत. टाकीचे काढलेले पाणी नाल्यात किंवा ओढ्यात न ओतता बागेतल्या मातीत जिरवावे. त्यातले नायट्रेट झाडांना खत होते. छाटलेल्या पाणवनस्पतींवर अंडी आणि केसाएवढी पिल्ले असतात. त्या गच्चीवर कडक उन्हात चार-पाच दिवस पसरून, हाताने चुरा होईल इतक्या वाळवाव्यात आणि मगच कंपोस्टच्या खड्ड्यात टाकाव्यात.