गुंडा, गुंता आणि हिशेब

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

थंडी पडू लागली की घरोघरी विणकामाच्या सुया बाहेर निघतात आणि होळी झाली की त्या कुठेतरी ठेवल्या जातात. ‘कुठेतरी’ हा शब्द मी मुद्दामच वापरला आहे. कारण पुढच्या वर्षी त्या सापडत नाहीत. सापडल्या तर जोडीतली एकच सापडते. लोकरीचा गुंडा मिळतो, पण त्याचे टोक मिळत नाही. स्वेटर कसा विणावा, क्रोशाचे तोरण कसे करावे, हे शिकविणारी पुस्तके पुष्कळ आहेत. पण उरलेली लोकर, दोरे, सुया, गुंड्या, मणी हे सारे घरात नीट ठेवावे कसे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. तो तसा नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

आमचे घर दोन खोल्यांचे आहे. आई ऑर्डरीवर विणकाम करते. बाळंतविड्यासाठी स्वेटर, टोपडे आणि मोजे, रुखवतासाठी तोरणे आणि ताटावरचे रुमाल, असे तिचे काम वर्षभर चालू असते. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिलीच, आणि माझ्या फीचा बराचसा भाग या गुंड्यांतूनच उलगडून आला आहे. शेजारीपाजारी या कामाला ‘रिकामपणाचा उद्योग’ म्हणतात. परंतु ज्या पत्र्याच्या ट्रंकेत ही लोकर राहते, ती ट्रंक म्हणजे आमच्या घरचे छोटे दुकानच आहे. दुकानदाराला आपल्याकडे कोणता माल किती आहे हे ठाऊक नसेल तर त्याचे दुकान कसे चालावे?

पहिली पायरी : जात ओळखणे

लोकर आवरायला बसले की बहुतेकजणी प्रथम रंग लावतात. लाल लालजवळ, हिरवी हिरवीजवळ. दिसायला हे फार छान दिसते, पण उपयोगाचे नाही. आधी पाहायला हवी ती धाग्याची जात. बाजारात आपण ज्याला सरसकट ‘लोकर’ म्हणतो, त्यातला पुष्कळसा माल मेंढीच्या अंगावरचा नसतोच. तो अॅक्रिलिकचा, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून बनविलेला कृत्रिम धागा असतो. तो स्वस्त असतो, धुवायला सोपा असतो आणि त्याला कसर लागण्याची भीती फारशी नसते. खरी लोकर उबदार, पण नाजूक. गरम पाण्यात चोळली तर ती आटते आणि घट्ट होते. दोन्ही धागे एकाच स्वेटरात घातले तर पहिल्याच धुण्यात अर्धा स्वेटर आटेल आणि अर्धा तसाच राहील.

वेष्टन हरवले असेल तर जात ओळखावी कशी? बोटभर तुकडा चिमट्यात धरून, जवळ पाण्याचे भांडे ठेवून, जाळून पाहावा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की ती बहुधा विझते आणि मागे राहिलेली काळी राख बोटांनी चुरडते. अॅक्रिलिक वितळत जळते आणि त्याचा कडक काळा मणी होतो. सुती दोरा कागदासारखा जळतो, मागे मऊ करडी राख उरते. क्रोशाचा जो चकचकीत दोरा असतो तोही सुतीच. ती चकाकी मर्सराइझ करण्याच्या क्रियेने येते. कॉस्टिक सोड्याने सुताचे गुणधर्म बदलतात हे जॉन मर्सर या इंग्रज गृहस्थाने १८४४ च्या सुमारास शोधून काढले, म्हणून त्याचे नाव या क्रियेला मिळाले. चकाकी मात्र पुढे, सूत ताणून धरून ही क्रिया करू लागल्यावर आली.

दुसरी पायरी : जाडी

जातीनंतर जाडी. वेष्टनावर तीन पदरी, चार पदरी असे लिहिलेले असते. टोक उलट पिळले की पदर सुटे होतात आणि मोजता येतात. पण केवळ पदरांवर विसंबू नये. दोन निरनिराळ्या गिरण्यांची चार पदरी लोकर सारख्याच जाडीची असेल असे नाही. यावर सोपी युक्ती आहे. पेन्सिलीवर १ इंचाची खूण करावी आणि धागा न ताणता वेढ्याला वेढा लागून गुंडाळावा. १ इंचात जितके वेढे बसतील तो त्या धाग्याचा आकडा. ज्यांचे आकडे जुळतात ते धागे एकत्र विणता येतात.

सुयांच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे चालणारे जुने नंबर उलटे असतात. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची असते. आता काही सुयांवर केवळ मिलिमीटर लिहिलेले असतात, त्यामुळे दोन्ही आकडे एका कागदावर लिहून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवावेत.

तिसरी पायरी : रंग, आणि रंगाचा लॉट

आता रंग. रंगाला दोन आकडे असतात. एक शेडचा, दुसरा लॉटचा. शेड म्हणजे रंगछटा. लॉट म्हणजे ती लोकर कोणत्या घाण्यात रंगली त्याची खूण. शेड एकच असली तरी दोन लॉटमध्ये उन्नीस-बीसचा फरक पडतो. गुंडे हातात धरले तर तो दिसत नाही. विणून शेजारी शेजारी आला की डोळ्यांत खुपतो.

मागच्या हिवाळ्यात आईच्या एका पिवळ्या स्वेटरची लोकर ऐन दुसऱ्या बाहीला संपली. त्याच दुकानातून त्याच शेडचा गुंडा आणला, पण लॉट निराळा होता. रात्री दिव्याखाली सारे ठीक वाटले. सकाळी दारातल्या उजेडात पाहिले तर एक बाही लिंबाच्या रंगाची आणि दुसरी हळदीच्या. बारसे चार दिवसांवर आले होते. आईने दोन्ही बाह्यांच्या पट्ट्या आणि गळा उसवला, दुसरी बाही पहिल्या लॉटमधून वाचलेल्या लोकरीत पुरी केली आणि नव्या लॉटच्या पट्ट्या घातल्या. दोन्ही बाजूंना सारखाच फरक आला, तेव्हा तो मुद्दाम केलेला वाटू लागला. अशा वेळी आणखी एक उपाय करता येतो. दोन ओळी जुन्या गुंड्याच्या आणि दोन नव्याच्या असे आलटून पालटून विणले की सांधा जाणवत नाही. पण सर्वांत उत्तम म्हणजे लागेल तेवढी लोकर, आणि वर एक गुंडा, एकदमच घ्यावा आणि काम संपेपर्यंत वेष्टन टाकू नये.

भरतकामाच्या दोऱ्यांनाही असेच नंबर असतात. त्यांच्या सहा पदरी, ८ मीटरच्या लड्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुंडाळून वर नंबर लिहावा, म्हणजे एक लडी ओढताना दहा लड्या बाहेर येत नाहीत.

लडी आणि गुंडा

लडी लागेपर्यंत लडीच राहू द्यावी, कारण गुंड्यात धागा थोडाफार ताणलेला असतो. गुंडा करायचाच तर सैल करावा. धाग्याखाली दोन बोटे ठेवून वेढे घ्यावेत आणि मग बोटे काढून घ्यावीत. फार आवळून गुंडाळलेली लोकर ताणलेली राहते, आणि अशा लोकरीचा स्वेटर पहिल्या धुण्यानंतर आखूड होतो. गुंड्यांना रबर लावू नये. आपल्या हवेत रबर विरघळून धाग्याला चिकटते. जुन्या सुती साडीच्या काठाची चिंधी बांधावी.

उसवलेल्या लोकरीची गोष्ट थोडी वेगळी. तिला टाक्यांची नागमोड पडलेली असते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवावी, न पिळता पाणी दाबून काढावे आणि सावलीत टांगून वाळवावी. नागमोड जाते आणि जुना स्वेटर पुन्हा नवी लोकर होऊन हाती येतो.

कसर आणि पावसाळा

कसर म्हणजे एका लहानशा पतंगाची अळी. उडणारा पतंग लोकर खात नाही. खाते ती अळी. खऱ्या लोकरीतले केराटिन, म्हणजे आपल्या केसांत आणि नखांत असते तेच द्रव्य, हे तिचे अन्न. घामाचा किंवा तेलाचा डाग असलेली लोकर तिला अधिक आवडते. तिला अंधार हवा आणि स्वस्थता हवी. आमच्या आजोबांची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, धनगरांनी चिंचोक्याची खळ लावून विणलेली. ती कधी कोणी डांबरगोळ्यांत घालून ठेवली नाही. ती रोज अंगावर, खांद्यावर आणि मग उन्हात असे. जी वस्तू रोज झटकली जाते तिला कसर सहसा लागत नाही. लागते ती जपून ठेवलेल्या वस्तूला!

म्हणून लोकर धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा ट्रंकेत ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून उलटीपालटी करावी. पावसाळ्यात विशेष काळजी हवी. लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. तशीच ती कोंडून ठेवली तर कुबट वास येतो, बुरशी धरते. ट्रंक जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी. कडुनिंबाचा पाला घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे; पाला घालावा तो कडकडीत वाळलेला, आणि केवळ त्याच्यावर विसंबू नये. कसरीची शंका आलीच तर ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी तो गुंडा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवावा.

डांबरगोळ्यांविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. त्यांतल्या नॅप्थलीनची वाफ अळीला मारते, पण ती माणसालाही बरी नव्हे. काही बालकांच्या रक्तात जन्मतःच एका द्रव्याची उणीव असते. अशा बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी या वाफेने फुटतात आणि जिवावर बेतू शकते. जी लोकर उद्या तान्ह्या बाळाच्या अंगावर जाणार, तिच्यात डांबरगोळी कदापि घालू नये.

बारीकसारीक सामान

सुया जोडीने बांधून, जुन्या कापडाला उभे कप्पे शिवून त्याच्या गुंडाळीत ठेवाव्यात. शिवणाच्या सुया लोकरीच्या तुकड्यात खोचाव्यात आणि काम संपल्यावर मोजाव्यात. घरात रांगते मूल असेल तर मोजल्यावाचून उठूच नये. गुंड्या आणि मणी पारदर्शक बरण्यांत ठेवावेत, कारण जे डोळ्यांना दिसत नाही ते आपण पुन्हा विकत आणतो. अपुरे राहिलेले काम त्याच्या सुया, लोकर आणि वेष्टनासह एका उशीच्या अभ्र्यात एकत्र ठेवावे. आत चिठ्ठी घालावी : ‘सुई १०, बाही, ३२ ओळी झाल्या.’

वही

हे सारे केले तरी एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे नोंद. कॉलेजच्या ग्रंथालयात प्रथम आले तेव्हा हजारो पुस्तकांतून एक पुस्तक क्षणात निघते याचे मला मोठे आश्चर्य वाटले होते. पुढे कळले की डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, आणि त्यांचा सगळा भर पुस्तक जपून ठेवण्यापेक्षा ते वापरात येण्यावर आहे. लोकरीचेही तसेच नाही का?

मी आईसाठी एक वही केली. आई चौथी शिकली आहे. मराठी आणि आकडे तिला वाचता येतात, वेष्टनावरचे इंग्रजी येत नाही. म्हणून प्रत्येक पानावर आधी धाग्याचा तुकडा चिकटवला, आणि त्याच्यापुढे मराठीत जात, पदर, शेड, लॉट आणि शिल्लक वजन लिहिले. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर होते. आमच्या घरच्या मापाने सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या स्वेटरला सुमारे १०० ग्रॅम, टोपड्याला ३० आणि मोज्यांना २० ग्रॅम लोकर लागते. त्यामुळे वहीत ‘हिरवी, शिल्लक ६५ ग्रॅम’ असे वाचले की ट्रंक न उघडताच समजते : टोपडे आणि मोजे होतील, स्वेटर होणार नाही.

वहीत शेवटी मी एक रकाना वाढवला, तो वेळेचा. स्वेटर, टोपडे आणि मोजे या एका संचाला आईचे २६ तास लागले. लोकरीची किंमत वजा जाता तिच्या हाती २०० रुपये आले होते. भागाकार आईनेच केला. तासाला आठ रुपयेसुद्धा पडत नव्हते. ती बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “अगं, मला वाटायचं, लोकरच महाग झालीय म्हणून काही उरत नाही.” पुढच्या ऑर्डरीला तिने दर वाढवून सांगितला. एक गिऱ्हाईक गेले. दोन राहिली, आणि त्यांनी काही कुरकुरही केली नाही.

घरातल्या बाईचे काम कोणी मोजत नाही, म्हणून त्याला मोल नाही असे सर्वांना वाटते. पुष्कळदा तिलाही वाटते. ट्रंक आवरणे म्हणजे केवळ टापटीप नव्हे. आपल्याजवळ काय आहे आणि आपण काय केले, हे आपल्याला कळणे आहे.

मैत्रिणींनो, हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा परीक्षा जवळ आलेली असेल. ती आटोपली की मे महिन्यातला एखादा दिवस काढा. ऊन चांगले असते. घरातली ट्रंक अंगणात किंवा गच्चीवर आणा, लोकर झटका, जात लावा, जाडी लावा, मग रंग लावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे. आणि शेजारी आईला बसवून एक वही सुरू करा. मृग लागण्यापूर्वी एवढे झाले म्हणजे पुरे.