दोन दिवसांच्या मुक्कामाचे बेट

लांबच्या प्रवासात वाटेवर दोन दिवसांचीच उसंत मिळणार असेल, तर उष्ण कटिबंधातल्या कोणत्या बेटावर उतरावे, असा प्रश्न पडला म्हणजे माणूस नारळीच्या बागा, शुभ्र वाळू आणि राहण्याची सोय यांचा विचार करतो. परंतु हाच प्रश्न ज्या जिवापुढे दरवर्षी येतो आणि ज्याच्या पुढच्या पिढीचे अस्तित्वच त्याच्या उत्तरावर अवलंबून असते, तो जीव भाद्रपद-आश्विनात अमरावती-अकोल्याकडच्या सोयाबीन-तुरीच्या शेतांवर घिरट्या घालताना आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो म्हणजे चतुर, आणि त्यातही कीटकशास्त्रात पँटाला फ्लॅव्हेसेन्स या नावाने नोंदलेली, देशोदेशी भटकणारी त्याची जात.

हा सोनेरी-पिवळा कीटक लांबीला जेमतेम साडेचार सेंटीमीटर भरतो. मात्र त्याचे मागचे पंख बुंध्याशी विलक्षण रुंद असतात, आणि त्या रुंदीच्या बळावर तो वाऱ्याच्या झोतावर पंख फारसे न हलवता तरंगत राहून शरीरातल्या तुटपुंज्या चरबीची शिल्लक जपून खर्च करू शकतो. मालदीवमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केलेले सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या असे ध्यानी आले, की दरवर्षी ऑक्टोबरात माले येथे चतुरांचे थवे अकस्मात प्रकट होतात आणि काही दिवसांतच नाहीसे होतात. भारताच्या किनाऱ्यापासून तिथवर पाचशे ते हजार किलोमीटर उघडा समुद्र पसरलेला असताना हे घडते. वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळवून त्यांनी २००९ साली असे प्रतिपादन केले, की हे चतुर भारतातून मालदीव व सेशेल्समार्गे पूर्व आफ्रिकेत जातात, आणि जाण्यायेण्याचा १४ ते १८ हजार किलोमीटरांचा हा फेरा कोणी एक चतुर नव्हे, तर लागोपाठच्या चार पिढ्या मिळून पुरा करतात.

त्या दिवसांत मालदीवमध्ये जमिनीलगतचा वारा तर पश्चिमेकडून, म्हणजे प्रवासाच्या नेमका उलट वाहतो; मग हे साधते कसे? परतणाऱ्या पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकू लागला की त्याच्या मागे हजार मीटरांहून अधिक उंचीवर ईशान्येचे वारे वाहू लागतात, आणि चतुर त्या उंचीवरूनच जात असले पाहिजेत, असे अँडरसन यांनी दाखवून दिले. पुढे २०१२ साली मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांतील हायड्रोजनच्या समस्थानिकांची तपासणी झाली, तेव्हा त्यांचे जन्मस्थान उत्तर भारतात किंवा त्याही पलीकडे असल्याचे निष्पन्न झाले. त्यांच्या दक्षिणेच्या वाटेवर आपला वऱ्हाडचा मुलूख येत असावा, हा तर्क म्हणूनच सयुक्तिक ठरतो.

आता बेटाच्या निवडीकडे वळू. कोणत्या बेटाच्या दिशेने जायचे हे पुष्कळसे वाराच ठरवतो. परंतु तिथे वंश वाढेल की नाही, याचा निवाडा गोडे पाणी करते. मालदीवची सुमारे बाराशे बेटे प्रवाळांची आहेत, आणि प्रवाळ सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी तत्काळ खाली झिरपून खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे भूगर्भात तरंगत राहते, त्यामुळे बहुतेक बेटांवर अंडी घालण्याजोगे डबके साचतच नाही. सेशेल्समधील माहे बेट ग्रॅनाइटचे असल्याने तिथे झरे वाहतात व डोह भरतात. म्हणजे पहिला मुक्काम नुसत्या विसाव्याचा, तर दुसऱ्यावर वंश वाढवण्याची सोय. पाणी ओळखण्याचे चतुराचे साधनही नवलाचे आहे: पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा ध्रुवीकृत प्रकाश त्याचे डोळे टिपतात, आणि मोटारीच्या चकचकीत टपावरूनही तसाच प्रकाश परावर्तित होत असल्याने मादी कित्येकदा तिथेच शेपटीचे टोक टेकवून अंडी वाया घालवते.

मालदीवची ही स्थिती पाहिली म्हणजे आपल्या पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्याची आठवण अपरिहार्यपणे होते. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या तालुक्यांत सारे नेमके उलट आहे: जमिनीच्या पोटात पाणी आहे पण ते खारे, आणि गोडे पाणी काय ते आभाळातून पडेल व काळ्या मातीवर थोपून राहील तेवढेच. माणसाच्या तहानेला ही स्थिती जाचक असली, तरी चतुराला ती मानवते. कारण त्याचा डिंभ, म्हणजे पाण्यातले बाल्यरूप, अवघ्या ३८ ते ६५ दिवसांत वाढ पुरी करतो, आणि मासे नसलेले, दोन-तीन महिन्यांत आटून जाणारे उथळ तळेच त्याला सर्वाधिक सुरक्षित असते. तिथे तो डासांच्या अळ्या खातो आणि पंख फुटल्यावर डासच खातो, हा आपला प्रत्यक्ष लाभ.

यास्तव गावतळी बुजवून भूखंड पाडताना, किंवा शेततळ्याच्या काठाशी विषारी औषधांचे पंप धुताना, आपण केवळ गावच्या पाण्याचे नुकसान करीत नाही. महासागर ओलांडणाऱ्या एका जातीच्या वाटेवरचा मुक्कामही उद्ध्वस्त करतो. हिंदी महासागरातली बेटे आपल्या अखत्यारीत नाहीत, परंतु कोरडवाहू शेतांच्या मधोमध पावसाचे पाणी धरून राहणारी तळी आपल्या अखत्यारीत आहेत, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने त्यांची मोजणी करून ती कर आकारणीच्या नमुना आठमधील घरांइतक्याच दक्षतेने दप्तरी नोंदवली व राखली पाहिजेत.