नातवाची गाडी आणि आजीची वही



या पानावर मी आजवर संधिवात, ब्लड प्रेशर, डोळ्यांतले थेंब कसे घालावेत, असंच लिहीत आले. या वेळी मोटारींच्या शर्यतीवर लिहिते आहे. हसू नका. गेले चार महिने माझ्या दिवाणखान्यात रोज दुपारी जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर गाडी धावते, आणि तिच्या वेळेची नोंद मी ठेवते.

माझ्या मुलीचा धाकटा मुलगा तेरा वर्षांचा आहे. शाळा सुटली की दोन वाजता माझ्याकडे येतो, जेवतो, आणि साडेपाचला त्याची आई कामावरून येऊन त्याला घेऊन जाते. नवव्या वर्षापासून त्याला मधुमेह आहे. इन्सुलिन घ्यावं लागतं, दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो. हे आधीच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

पेसाहची सुट्टी संपली आणि मुलगी एक खोकं घेऊन दारात उभी राहिली. "मम्मी, हे तुझ्याकडे ठेव, नाहीतर मी विकते." खोक्यात प्लेस्टेशन होतं. मुलाने चिडून कंट्रोलर भिंतीवर आपटला होता, आणि ही दुसरी वेळ होती. एक महिना माझ्या देखरेखीखाली, तरीही आदळआपट झाली तर विकून टाकायचं, असं ठरलं. मुलगा खाली मान घालून उभा होता.

गेमचं नाव ग्रॅन टुरिस्मो ७. मालिका जुनी आहे, पहिला भाग १९९७ साली जपानमध्ये आला आणि हा सातवा २०२२ मध्ये. यात गोळीबार नाही, मारामारी नाही. खऱ्या ट्रॅकची, खऱ्या गाड्यांची हुबेहूब नक्कल आहे. इंग्लंडचा यान मार्डनबरो हा तरुण याच खेळातून निवडला गेला आणि २०१३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत उतरला. त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही निघाला. आमच्या चिरंजीवांनी तो तीनदा पाहिला आहे.

याचं दुखणं काय होतं? अश्दोदला राहणारा त्याचा मावसभाऊ, म्हणजे माझाच मोठा नातू, लहानशा माझदा रोडस्टर गाडीने सुझुकाची फेरी २ मिनिटे ५४ सेकंदांत मारतो. याची सगळ्यात चांगली फेरी २ मिनिटे ५८. ते चार सेकंद काही केल्या सुटत नव्हते.

पहिल्या दिवशी मी विणकाम घेऊन बाजूला बसले आणि फक्त पाहिलं. वॉर्डात नवा पेशंट आला की आधी पाहायचं, मग हात लावायचा. अर्ध्या तासाने मला एक गोष्ट दिसली. पहिलं वळण बिघडलं की हा लगेच बटण दाबून फेरी पुन्हा सुरू करायचा. पुन्हा बिघडलं, पुन्हा सुरू. अर्ध्या तासात त्याने पहिलं वळण पस्तीस वेळा घेतलं, आणि शेवटच्या वळणापर्यंत तीनदा पोहोचला.

मी म्हटलं, "अरे, तू फेरीचा सराव करतच नाहीस. तू सुरुवातीचा सराव करतोस."

"सावता, तुला काय कळतंय यातलं?"

"आजी म्हण. आणि उद्यापासून दहा फेऱ्या पूर्ण करायच्या. गाडी गवतात गेली तरी परत आणायची आणि रेघ ओलांडायची. मी लिहून घेते."

अशी वही सुरू झाली. तारीख, घड्याळातली वेळ, फेरीची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात कुठे चुकलं ते. पहिल्या दहात उत्तम २:५८.४, सर्वात वाईट ३:११, दोनदा गवतात. ती दहा ओळींची यादी पाहून तो स्वतःच म्हणाला, "म्हणजे मला २:५८ येतच नाही. ती एकदाच आली." अगदी बरोबर. एकदाच उतरलेल्या तापाला आपण बरं झालं म्हणत नाही.

सुझुकाचा नकाशा मुलांसाठी सांगते. १९६२ साली होंडा कंपनीने हा ट्रॅक बांधला, लांबी ५.८ किलोमीटर. आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा (आपल्या मराठी ८ सारखा नव्हे!), म्हणजे रस्ता पुलावरून स्वतःलाच ओलांडतो. सुरुवातीला नागमोडी वळणांची माळ आहे. तिथे पहिल्या वळणात गाडी थोडी बाहेर गेली की पुढच्या सगळ्या वळणांना चुकीच्या जागेवरून तोंड द्यावं लागतं. पुढे एक अगदी चिंचोळं, हेअरपिन वळण. मग स्पून नावाचं लांबलचक डावं वळण, त्यानंतर मोठी सरळ वाट, मग १३० मीटर त्रिज्येचं म्हणून १३०-आर नाव पडलेलं वेगवान वळण, आणि शेवटी उजवी-डावी अशी अडचणीची कोपरी.

नातवाला वाटायचं, वेळ वेगवान भागात मिळते. म्हणून तो १३०-आरमध्ये जीव तोडून जायचा. मी त्याला कागदावर गणित घातलं, तुम्हीही करून पाहा. ताशी ६० किलोमीटरने शंभर मीटर जायला सहा सेकंद लागतात. वेग एकदशांश वाढवून ६६ केला तर साधारण साडेपाच. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त वाचलं. आता ताशी १८० ने तेच शंभर मीटर दोन सेकंदांत होतात, आणि वेग तसाच एकदशांश वाढवून १९८ केला तर १.८२. सेकंदाचा पाचवा हिस्साही वाचला नाही, आणि धोका मात्र किती! वेळ सांडते ती हळू वळणांत. त्यातही ज्या वळणानंतर लांब सरळ वाट आहे तिथे, कारण बाहेर पडतानाचा वेग सरळ वाटेवर पुढे कामी येतो. म्हणून स्पून. दोन आठवडे आम्ही स्पूनच गिरवलं. गेममध्ये ट्रॅकचे तुकडे करून एकेक तुकडा शिकवायची सोय आहे, तिथे सोनं, रुपं, कांस्य अशी पदकं मिळतात.

आता ब्रेक. माझे मामा एस.टी.त ड्रायव्हर होते. अलिबागहून पेणकडे जाताना कार्ले खिंड लागते. मामा वळणाच्या आधीच बस सावरायचे आणि वळणात ती अलगद सोडायचे. टपावरच्या मासळीच्या टोपल्या जागच्या हलत नसत. वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक मारणाऱ्याला ते शिकाऊ म्हणायचे. सुझुकातही तेच. टायरकडे पकड ठरावीक असते. समजा शंभर शेकेल आहेत. सगळे ब्रेकवर खर्च केले तर वळायला काही उरत नाही, आणि गाडी नाकासमोर सरळ गवतात जाते. म्हणून सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक दाबायचा, आणि वळू लागलं की तो हळूहळू सोडत जायचा. जितकं चाक वळेल तितका ब्रेक कमी.

हे 'हळूहळू' त्याला जमेना. ब्रेक डाव्या तर्जनीखाली असतो. याचं बोट एकतर पूर्ण दाबलेलं, नाहीतर एकदम सुटलेलं. दहा वेळा सांगून झालं. शेवटी मी कपाटातून माझं जुनं ब्लड प्रेशरचं यंत्र काढलं, हाताने हवा भरायचं, आणि स्टेथोस्कोप. म्हटलं, माझं प्रेशर बघ. त्याने हवा भरली आणि झडप खाडकन सोडली. काटा धाडकन खाली, काही ऐकू आलं नाही. मग शिकवलं: झडप इतकी बारीक उघडायची की काटा सेकंदाला दोन-तीन अंशच उतरेल. कान लावून ठेवायचे, ठोका सुरू कधी झाला, बंद कधी झाला. चार दिवस रोज त्याने माझं प्रेशर मोजलं. पाचव्या दिवशी तो स्पूनमध्ये शिरला आणि गाडी रुळावरून जावी तशी गेली. टायरचा आवाजही तो ऐकू लागला. बारीक कुरकुर म्हणजे पकड पुरेपूर वापरली जाते आहे, किंकाळी म्हणजे मर्यादा ओलांडली.

बारीकसारीक बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. रस्त्यावर रंगीत रेघ दाखवायची सोय असते, ती बंद केली. डोळे रेघेवर खिळतात आणि वळण दिसत नाही. त्याऐवजी कडेचे अंतराचे फलक पाहून ब्रेकची जागा ठरवायची. टीव्हीत 'गेम मोड' असतो तो चालू केला, नाहीतर चित्र किंचित उशिरा दिसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन औषधं एकदम बदलली तर कशाने गुण आला ते कळत नाही. आणि दहा फेऱ्या झाल्या की उठायचं, पाणी प्यायचं, बाहेर बघायचं.

तीन आठवड्यांनी उत्तम २:५५.२ आणि दहांतली वाईटही २:५८ च्या आत. मुलगी खूष झाली. आणि मग वहीत मला एक गोष्ट दिसली.

साडेतीनच्या दहा फेऱ्या नेहमी ठीक असायच्या. सव्वाचारच्या दुसऱ्या दहा फेऱ्या काही दिवशी ठीक, काही दिवशी पार बिघडलेल्या, ३:०२, ३:०६, गवत, गवत. त्याच दिवशी चिडचिड. एकदा कंट्रोलर सोफ्यावर फेकलाही. मी वह्यांची पानं उलटली. बिघडलेले सगळे दिवस सोमवार आणि गुरुवार होते. सोमवारी आणि गुरुवारी शाळेत शेवटच्या तासाला फुटबॉल असतो.

पुढच्या गुरुवारी साडेचारला मी त्याच्या कपाळाला हात लावला. गार घाम. फोन सोफ्यावर पालथा, आवाज बंद. सुलटा केला तर साखर ६२, बाण खाली. सत्तरच्या खाली गेली की लगेच द्यावं लागतं. अर्धा ग्लास संत्र्याचा रस पाजला, पंधरा मिनिटं बसवलं, पुन्हा पाहिलं, ९१. तोवर तो शांत झाला होता.

चौतीस वर्षं मी नर्स होते. माझ्याच घरात, माझ्याच हातच्या वहीत ते लिहिलेलं होतं आणि मला ते वाचायला इतके दिवस लागले. आम्ही सगळे म्हणत होतो, गेममुळे मुलगा चिडका झाला. खेळून दमलेल्या अंगात दुपारच्या इन्सुलिनचा जोर, आणि साखर उतरत होती. भिंतीवर आपटलेले कंट्रोलरही सोमवार-गुरुवारचेच का, ते आता कोण सांगणार.

"फोन पालथा का ठेवलास?"

"वाजला की आई म्हणेल गेममुळे होतं. मग विकून टाकेल." मग हळूच, "तिला सांगू नको ना, आजी."

त्याने आजी म्हटलं होतं, तरी मी सांगितलं. औषधाच्या बाबतीत मी कुणाचं गुपित ठेवत नाही, नातवाचंही नाही. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवला, अभ्यास केला, पाठ करून बसला. मला वाईट वाटलं, पण पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

तिसऱ्या दिवशी मी त्याला चार्ली किंबॉलची गोष्ट सांगितली. अमेरिकेचा हा ड्रायव्हर. २००७ साली त्याला हाच मधुमेह झाला, टाइप वन. तरी तो इंडीकारमध्ये उतरला आणि २०१३ मध्ये मिड-ओहायोची शर्यत जिंकला. साखरेचा आकडा त्याला गाडीतच, डोळ्यांसमोर दिसायचा. हेल्मेटमध्ये पिण्याची नळी असायची, आणि साखर उतरू लागली तर गोड रस प्यायची सोय होती. नातू बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्याचा फोन पालथा नव्हता."

डॉक्टरांना आम्ही वही दाखवली. त्यांनी फुटबॉलच्या दिवसांचा जेवणावरचा डोस कमी केला. (तुमच्या घरी असं कुणी असेल तर डोस आपल्या मनाने बदलू नका, डॉक्टरांनाच विचारा.) आता फोन टीव्हीशेजारी उभा असतो. वहीत एक रकाना वाढला आहे, प्रत्येक दहा फेऱ्यांच्या आधीची साखर. आकडा नव्वदच्या खाली आणि बाण उतरता असेल तर आधी रस, मग सुझुका. मुलीने खोकं परत मागितलं नाही, आणि विकायचंही नाव काढलं नाही.

हल्ली सोमवारच्या दुसऱ्या दहा फेऱ्या पहिल्यांपेक्षाही बऱ्या होतात. आणि मागच्या महिन्यात, शुक्रवारी, शब्बाथच्या आधी घाईघाईने, २:५३.८. मला हाक मारायला तो स्वयंपाकघरात आला तेव्हा मी कांदा परतत होते, म्हणून ती फेरी मी पाहिलीच नाही. रीप्ले दाखवला. स्पूनमध्ये ब्रेकवरचं बोट मला दिसलं नाही, पण गाडी पाहून कळलं. अश्दोदला लगेच फोन गेला. मोठा नातू म्हणे आता रोज सराव करतो.

मीही एकदा हातात घेऊन पाहिलं. ३ मिनिटे ४९, दोनदा भिंत. वहीत तीही ओळ आहे, त्याने स्वतःच्या हाताने लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या.

आता त्याला जर्मनीतला न्यूरबर्गरिंग हवा आहे. वीस किलोमीटरहून लांब ट्रॅक, म्हणजे अलिबाग ते रेवदंडा, आणि वर थोडं जास्तच. मी दोनशे पानी वही आणून ठेवली आहे.